गाय, म्हैस आणि अर्धा सेकंद

किस्से साठतात ते राइस मिलच्या मागच्या कोंड्यासारखे. कुणी मुद्दाम साठवत नाही, कुणी फेकतही नाही, आणि थंडीत शेगडी पेटवायची वेळ आली की सगळ्यांना त्या ढिगाची आठवण होते. आमच्या मंडळींचं तसंच आहे. कुणाच्या लग्नात पंगतीला शेजारी बसलो की कुणीतरी म्हणतंच, "मास्तर, ते गाय-म्हशीचं सांगा ना." मग ताटातला भात निवून जातो.

मास्तर म्हणजे मी. बालाघाटला शाळेत गणित शिकवतो. ही गोष्ट आहे तेव्हा गावात ब्रॉडबँड नुकतंच आलं होतं, लोकांच्या खिशात बटणांचे मोबाईल होते, आणि आमच्या मोहल्ल्यात टेलिफोनच्या तारेवरून इंटरनेट येणारं घर एकच होतं. आमचं. त्यामुळे रविवारी सगळे आमच्याकडे. सगळे म्हणजे तरी किती? गजू, सुनील, मी आणि माई. माई म्हणजे माझी आई. तिनं गेमचं बटण कधी दाबलं नाही, पण तिला वगळून यातला एकही किस्सा सांगता येत नाही.

गजू वारासिवनीचा. नागपूरला इंजिनिअरिंग शिकायला गेला होता, पण वडिलांची तब्येत बिघडली आणि शिक्षण अर्ध्यावर सोडून घरच्या राइस मिलवर बसला. त्याच्याकडे पांढऱ्या रंगाचा गेमिंग कन्सोल होता. सुनील मलाजखंडच्या खाणीत ज्युनिअर इंजिनिअर. शनिवारी ड्यूटी संपली की बसनं बालाघाटला बहिणीकडे यायचा. त्याच्याकडे काळा कन्सोल. दोन वेगळ्या कंपन्यांचे हे डबे, एकमेकांचं तोंड न पाहणारे. दोन्हींवर इंटरनेटवरून दूरच्या माणसाशी फुटबॉल खेळता यायचा, पण पांढऱ्यानं पांढऱ्याशी आणि काळ्यानं काळ्याशीच. पांढऱ्याच्या ऑनलाइन सेवेला दर वर्षी पैसे भरावे लागत. काळ्याची सेवा फुकट.

"पैसे घेते म्हणून नीट चालते," गजू म्हणायचा.

"फुकट चालते म्हणजे तुझ्यापेक्षा नीटच झाली ना," सुनील म्हणायचा.

पहिल्याच रविवारी माईनं तांदूळ निवडता निवडता हे भांडण ऐकून घेतलं आणि निकाल दिला. "म्हंजे पांढरी गाय होय. चारा टाका, मंग दूध. अन् काळी म्हैस. सोडून द्या, चरून येते." त्या दिवसापासून आमच्याकडे कन्सोल हा शब्द संपला. गाय आणि म्हैस.

एक गोष्ट आधीच सांगून ठेवतो. नागपूरला गजूचा हॉस्टेलच्या खोलीतला जोडीदार होता निखिल. शिक्षण संपवून तो तिथंच नोकरीला लागला होता, आणि दर रविवारी नागपूरच्या पोरांची ऑनलाइन फुटबॉल लीग चालवायचा. गजूला त्या लीगमध्ये बालाघाटचं नाव हवं होतं. बाकी काही नको. एकदा मला म्हणाला, "मास्तर, मी मिलवर बसलो म्हंजे कोंड्यात गेलो नाही, हे त्याले समजलं पाह्यजे." मी मोडेम चालू केला.

* * *

गजू गाय बसनं आणायचा. वारासिवनी ते बालाघाट, बारदान्यात गुंडाळून, वरून सुतळी. मिलवाल्याच्या घरात बारदान्याला काय तोटा. शिवाय त्यात काय आहे ते कुणाला कळत नाही, हा फायदा.

एका रविवारी गाडीला गर्दी फार. कंडक्टरनं मांडीवरचं गाठोडं पाहिलं आणि दरडावून विचारलं, "क्या है इसमें?"

गजू खिडकीबाहेर पाहत होता. सवयीनं तोंडातून निघून गेलं, "गाय है."

कंडक्टरनं गाठोड्याकडे पाहिलं, गजूकडे पाहिलं, आणि पेन कानामागे अडकवत म्हणाला, "गोद में बैठी है तो फ्री. सीट पे बैठाओगे तो हाफ टिकट लगेगा."

पुढच्या रविवारपासून तो कंडक्टर गजू चढला की विचारायचा, "आज दूध दिया क्या?" आणि गजू त्याला मागच्या मॅचचा स्कोअर सांगायचा. सगळ्या मध्य प्रदेशात आमच्या मॅचचा निकाल विचारणारा तो एकटाच सरळ माणूस होता, म्हणून त्याचा मान मोठा.

* * *

गाईच्या सेवेत नाव नोंदवताना जन्मतारीख द्यावी लागायची. सालाचा आकडा चालू सालापासून सुरू व्हायचा आणि बटण दाबत दाबत मागं मागं जायचं. गजूला धीर कुठला. दोन-तीनदा बटण दाबलं आणि "पुढे" केलं. झालं! सेवेच्या दृष्टीनं गजू तीन वर्षांचा झाला.

लहान मुलाला खेळू देत, पण समोरच्याशी बोलू देत नसत. त्यासाठी पालकांची परवानगी ई-मेलनं द्यावी लागे. सुनील म्हणाला, "खोटा ई-मेल काढ, स्वतःच दे परवानगी." पण गजू मिलच्या संस्कारातला. वडिलांच्या नावानं काही करायचं तर वडिलांना विचारून. तो वारासिवनीला गेला आणि मिशीवाल्या, पंचावन्न पोती एका नजरेत जोखणाऱ्या काकांना, म्हणजे त्याच्या वडिलांना, सगळं समजावून सांगितलं.

काकांनी शांतपणे ऐकलं. मग विचारलं, "वय काय लिवलं तुयं?"

"तीन."

"मंग बरोबर हाये. नाई देत परवानगी."

कितीतरी रविवार गजू मुक्यानं खेळला. गोल केला तरी आवाज नाही, खाल्ला तरी नाही. शेवटी माई चिन्नोर तांदूळ घ्यायच्या निमित्तानं स्वतः मिलवर गेली. चहा झाला, तांदळाचा भाव झाला, मग तिनं विषय काढला. "भाऊ, लेकराले बोलू द्या. आतल्या आत कुढून राह्यला तो."

काकांनी परवानगी दिली. पण निघताना माईला म्हणाले, "तुमी म्हणता म्हणून देतो. पण मोठा झाल्यावर सुधरला पाह्यजे."

* * *

आता टेलिफोन. आमच्याकडे फोन आणि इंटरनेट एकाच तारेवर. ते दोन वेगळे करणारी एक छोटी डबी असते, ती आमची एका वादळात जळाली होती. नवी यायची होती. ती यायचीच राहिली. त्यामुळे परिस्थिती अशी, की घंटी वाजली तर काही बिघडत नसे, पण कुणी रिसीव्हर उचलला की इंटरनेट गेलं. मॅच रद्द, वर आपल्या नावावर हार.

मी म्हटलं, रविवारी फोनची पिनच काढून ठेवू. माई नाही म्हणाली. "घरातला फोन मेला नाई ठेवत. वाजू दे. कोनीतरी आठवण केली, एवढं तं समजते." मग तिनंच नियम केला. रविवारी पाच ते सात फोन सोवळ्यात. वाजेल, पण शिवायचं नाही. ती स्वतः फोनशेजारी पाट टाकून बसायची, आणि कुणाचा हात तिकडे गेला की नुसती पाहायची.

गजूनं हे हसत हसत निखिललाही सांगितलं होतं. मिलचा फोन सतत व्यापाऱ्यांचा, म्हणून निरोपासाठी त्यानं निखिलला आमचाच नंबर दिला होता, तेव्हा सांगणं भागच होतं. "पाच ते सात लावू नको बे. उचलला तं मॅच मरते."

पण लालबर्ऱ्याच्या आत्याला कोण सांगणार? एका रविवारी आत्यानं फोन लावला, कुणी उचलला नाही. पुन्हा लावला. पुन्हा नाही. सहाच्या सुमारास दार धाडकन उघडलं आणि आत्या आत. चप्पल पायात तशीच. आम्ही चौघं जिवंत, तिघं टीव्हीकडे पाहतोय, आणि माई फोनशेजारी पाटावर बसलेली.

"वहिनी, तुमी तं फोनजवळच बसून आहा!"

"हौ. बसलीच आहो."

"मंग उचलत काहून नाई? मले वाटलं सगळे गेले का काय. जीप करून आली मी."

माई म्हणाली, "बसा. गजूचा गोल होऊन राह्यला."

आत्या बसली. त्यानंतर दर रविवारी यायची. फोन करून काय उपयोग, म्हणायची.

* * *

गाईसोबत कानात घालायचा माइक डब्यातच यायचा. म्हशीसोबत नाही. गजूला या गोष्टीचा केवढा अभिमान! "पाय, पैसे भरले तं माणसाले तोंड भेटते." सुनीलनं यावर उपाय काढला. मोबाईल लावायचा, स्पीकर चालू करायचा आणि टीव्हीच्या टेबलावर ठेवून द्यायचा. समोरच्यानंही तसंच करायचं. झालं बोलणं.

म्हशीवर अशी पहिली मॅच सुनील नागपूरच्याच एका पोराशी खेळत होता. आमच्या टीव्हीवर चेंडू अजून त्याच्या खेळाडूच्या पायात. आणि मोबाईलमधून तो पोरगा ओरडला, "गोल!"

आम्ही टीव्हीकडे पाहिलं. चेंडू पायातच होता. मग निघाला, पुढे आला, आणि गेला आमच्या जाळ्यात.

परत तेच. मोबाईलमधून आरोळी आधी, गोल नंतर. मोबाईलचा आवाज आमच्या इंटरनेटच्या पुढे धावत होता. मी गणिताचा माणूस, मी लगेच हिशेब मांडला की आमचा खेळ तिकडच्यापेक्षा अर्धा सेकंद मागं आहे. मोठ्या विद्वत्तेनं सांगितलं सगळ्यांना.

माईला ते पटलं नाही. "मास्तर, तिकडं झाला असंल. आपल्याकडं गोल व्हायचाच हाये ना अजून? मंग अडवत काहून नाई त्याले?"

आम्ही हसलो. गजू हसला नाही. तो त्या वाक्याकडे एखादं गणित फळ्यावर राहून गेल्यासारखं पाहत राहिला.

* * *

त्या अर्ध्या सेकंदानंच घात केला होता. गाईच्या सेवेत प्रत्येक खेळाडूच्या नावापुढे तारेची ताकद दिसायची. चांगली असेल तर हिरव्या काड्या, वाईट असेल तर एक तांबडी. आमची तांबडी. ऑनलाइन मॅच जिथं जमायची त्याला खोली म्हणत; आम्ही खोलीत शिरलो की नागपूरवाले लगेच ओळखायचे. "बालाघाट आलं. आता लॅग येणार." लॅग म्हणजे हाच उशीर. आणि गाईत एक सोयही होती, की ज्याच्याशी पुन्हा खेळायचं नाही त्याच्यावर तशी खूण करता येई. गजूच्या नावावर अशा खुणा किती, ते त्याला दिसत असे.

गजूनं लीगसाठी विचारलं तेव्हा निखिल माइकवर म्हणाला, "गजू, वाईट वाटून घेऊ नको यार. पण तुझ्यासोबत खेळणं म्हणजे पोस्टकार्डानं बुद्धिबळ खेळणं आहे." मागं चार पोरं हसली. गाईचा माइक चांगला होता, सगळं हसू स्वच्छ ऐकू आलं.

गजूनं माइक काढला आणि नीट गुंडाळून डब्यात ठेवला. सुनीलला एरवी टोमणा मारायला निमित्त लागत नाही. त्या दिवशी तो एवढंच म्हणाला, "म्हशीत खूण करताच येत नाई गजू. म्हैस कोनाले नावं नाई ठेवत."

मला त्या दिवशी निखिलचा फार राग आला. अजूनही सांगताना येतो.

* * *

पण गजू माईचं वाक्य घेऊन बसला होता. आपल्याकडे गोल व्हायचा आहे अजून. म्हणजे चेंडू आल्यावर मारायचा नाही, येण्याआधी मारायचा. अर्धा सेकंद आधी. तो रविवारमागून रविवार नुसता हाच सराव करायचा. त्याचा खेळाडू रिकाम्या गवतावर लाथ मारायचा, आणि लाथ तिथं पोचेपर्यंत चेंडू बरोब्बर पायाशी. पाहणाऱ्याला चेटूक वाटावं. पास देण्याआधी पास घ्यायचा, धक्का लागण्याआधी वळायचा. एवढ्या वाईट तारेवर इतका चांगला खेळणारा माणूस उभ्या देशात दुसरा नसेल, हे मी छातीवर हात ठेवून सांगतो.

तयारी झाली आणि नेमकं निखिलनं नागपूरला एका हॉलमध्ये सामने ठेवले. सगळे समोरासमोर, एकाच खोलीत, इंटरनेटचा संबंध नाही. ज्याला यायचं त्यानं यावं. आम्ही तिघं गेलो. माईनं दशम्या बांधून दिल्या.

गजू बसला. शिटी झाली. आणि त्याचा खेळाडू हवेत लाथा मारायला लागला! चेंडू अजून दोन हात लांब, याची लाथ मारून झालेली. धक्का लागायच्या आधीच वळून उभा, पास यायच्या आधीच पळत सुटलेला. तिथं चेंडू वेळेवर येत होता, आणि वेळेवर येणाऱ्या चेंडूशी काय करायचं हे गजू साफ विसरला होता. किती गोल खाल्ले ते मी सांगणार नाही. हॉल हसून हसून लोळला.

परतीच्या गाडीत बसलो. गोंदिया मागं गेल्यावर गजूनं दशमी सोडली, एक घास खाल्ला आणि म्हणाला, "मास्तर, आपली घडी पुढं हाये, त्याची बरोबर हाये. चूक कोनाचीच नाई."

सुनील म्हणाला, "हौ. पण घरी आल्यावर पाहुण्यानं आपल्या घडीनं चालावं लागते."

हे वाक्य तेव्हा तो नुसतं गजूला बरं वाटावं म्हणून बोलला होता.

* * *

दोन-तीन आठवड्यांनी सुनील म्हशीवर एका अनोळखी माणसाशी खेळत होता. त्या दिवशी खोली त्यानं स्वतः उघडली होती. एरवी आम्ही दुसऱ्यानं उघडलेल्या खोलीत जायचो. आणि आमच्या टीव्हीवर चेंडू असा पळायला लागला की आम्हीच घाबरलो. दाबलं की मारला, दाबलं की मारला. मॅच संपली आणि समोरच्याचा निरोप आला. "भाई, तुम्हारा नेट तो मक्खन है. मेरा ही अटक रहा था."

मक्खन! आम्हाला! ज्यांच्या नावापुढे आयुष्यभर तांबडी काडी, त्यांना!

मग उलगडा झाला. मॅच कुणाच्या तरी एकाच्या डब्यावर चालते. ज्याच्याकडे चालते त्याला उशीर नाही, सगळा उशीर समोरच्याला. त्या फुटबॉलच्या गेममध्ये गाईची सेवा स्वतःच ठरवायची की कुणाकडे चालवायची, आणि ती चांगली तार पाहून दर वेळी नागपूरच निवडायची. म्हैस असं काही पाहत नसे. जो खोली उघडेल, मॅच त्याच्या घरी.

वर्षभराचं भांडण एका निरोपात संपलं. आम्ही सगळे गजूकडे पाहायला लागलो, कारण गाईचा भक्त तो. त्यानं सुनीलच्या काळ्या डब्यावरून हात फिरवला. म्हणाला, "मानलं. पैसे भरून मी दर हप्त्याले नागपूरले जात होतो. ही फुकटात त्याले इथं आणते."

माई म्हणाली, "म्हशीच्या दुधात मलई जास्तच असते. मी कवाची सांगून राह्यली."

ती असं कधीच म्हणाली नव्हती. पण तेव्हा कोण अडवणार.

त्याच संध्याकाळी गजूनं निखिलला फोन केला. निखिलकडे गाय आणि म्हैस दोन्ही होत्या. नागपूरवाल्याकडे सगळंच दोन-दोन असतं. गजू म्हणाला, "लीग नको देऊ. म्हशीवर दोन मॅचा खेळ. एक तुह्या खोलीत, एक माह्या. दोन्हीचे गोल मिळून जो पुढं, तो जिंकला. मी जिंकलो तं बालाघाट लीगमध्ये. हरलो तं पुन्हा नाव नाई काढत."

निखिल हसला. म्हणाला, "चल. मजा येईल." दोन महिन्यांनंतरचा रविवार ठरला.

* * *

तर तो रविवार. टेबलावर म्हैस, शेजारी सुनीलचा मोबाईल, स्पीकर चालू. फोनशेजारी पाटावर माई. पलंगावर आत्या, लालबर्ऱ्याहून दुपारीच आलेली. वीज होती, हे देवाचे उपकार.

पहिली मॅच निखिलच्या खोलीत. म्हणजे उशीर आमच्याकडे. पण त्या उशिरावर गजूनं वर्ष घालवलं होतं. लाथ आधी, चेंडू नंतर. निखिलनं एक गोल केला, त्याची आरोळी नेहमीप्रमाणे गोलाच्या आधी ऐकू आली. गजूनं एक फेडला. बरोबरी. मोबाईलमधून मागच्या पोरांचा आवाज थोडा कमी झाला.

दुसरी मॅच आमच्या खोलीत. सुनीलनं खोली उघडली, निखिल आत आला. आता गजूनं काय केलं असेल? मधले कितीतरी रविवार तो आमच्याकडे म्हशीवर वेळेवर चेंडू मारायचा सरावही करत होता. दोन्ही घड्याळं त्याच्याकडे होती. निखिलकडे एकच.

निखिलचा खेळाडू चेंडू निघून गेल्यावर लाथ मारायला लागला. एकदा, दोनदा, दहादा. अर्धी मॅच झाली तेव्हा गजूनं गोल केला. आम्ही ओरडलो, आणि मग मोबाईलमधून निखिलचा आवाज आला, "अरे, कधी मारला?"

माई आत्याला हळूच म्हणाली, "पाय, आता त्याच्याकडं व्हायचा हाये."

शेवटची काही मिनिटं राहिली. निखिल चिडला होता. "यार गजू, लॅग आहे इथं. खेळताच येत नाही."

गजूनं टीव्हीवरची नजर काढली नाही. "असते थोडा. सवय होते."

मागं कुणी हसलं नाही. तिकडे काहीतरी कुजबूज झाली, खुर्ची सरकल्याचा आवाज आला.

आणि आमचा फोन वाजायला लागला.

ट्रिंग ट्रिंग. थांबला. परत. आत्या सवयीनं उठली, तिचा हात रिसीव्हरपर्यंत गेलाही होता. माईनं तिचा पदर धरून तिला खाली बसवलं. फोन वाजतच राहिला. सुनीलनं माझ्याकडे पाहिलं आणि डोळ्यांनी मोबाईल दाखवला. स्पीकरमधून निखिलच्या खोलीतून कुणाचा तरी फोन लावल्याचा आवाज येत होता. इकडे ट्रिंग झालं की तिकडे टुर्र. इकडे ट्रिंग, तिकडे टुर्र.

गजूलाही ते ऐकू आलं. त्याचे कान लाल झाले, पण बोटं हलत राहिली.

माई पाटावरून उठली. फोनला हात लावला नाही. सावकाश टेबलापाशी आली, पदर सावरला, मोबाईलवर वाकली आणि नेहमीच्या आवाजात म्हणाली, "निखिल बाबू, काहून एवढा फोन लावून राह्यला? मी इथंच आहो ना. बोल."

ट्रिंग थांबलं. टुर्र थांबलं.

माई परत पाटावर जाऊन बसली. गजूनं चेंडू मागं मागं खेळवत वेळ काढला. शिटी झाली. जिंकलो. आत्यानं गजूच्या तोंडावरून हात फिरवून कानशिलावर बोटं मोडली. सुनील नाचला, मी नाचलो, म्हणजे मास्तरनं जेवढं नाचावं तेवढं. गजू तसाच बसून होता, मोबाईलकडे पाहत.

मग निखिलचा आवाज आला. बारीक.

"गजू... पुढच्या रविवारी किती वाजता येशील लीगला?"

गजूनं हातातलं बटण खाली ठेवलं. त्यानं माईकडे पाहिलं.

"पाच वाजता येते म्हणून सांग," माई म्हणाली. "अन् त्याले म्हणा, फोन करायचा असंल तं पाचच्या आधी कर बाप्पा. मंग मी उचलत नाई."